हार्लेमचे नाइट आणि योहानाची हाडं

सप्टेंबर १३४५ मध्ये हॉलंडचा तरुण काउंट चौथा विल्यम फ्रिसियातल्या लोकांना वठणीवर आणायला निघाला. समुद्राचा एक फाटा ओलांडून त्याची जहाजं वार्न्स गावाजवळ किनाऱ्याला लागली. सरदारांच्या अंगावर चिलखतं होती, घोडे मात्र मागेच राहिले होते. चिलखताच्या ओझ्याने वाकलेल्या या पायदळ सरदारांना फ्रिसियन शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी दलदलीत गाठलं आणि कापून काढलं. काउंट पडला. त्याच्याबरोबर मोंटफोर्ट घराण्यातले तिघेही पडले.

युरोपच्या मोठ्या इतिहासात या लढाईला एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ. पण १४०० च्या सुमारास, म्हणजे मेलेल्यांना ओळखणारं कुणी हयात असण्याची शक्यता जवळजवळ संपली तेव्हा, मोंटफोर्टकरांनी एका आडव्या लाकडी फळीवर चित्र काढवून घेतलं. मरिया बाळ येशूला घेऊन बसली आहे. तिच्यासमोर चार सरदार एकामागे एक गुडघे टेकून हात जोडून आहेत. तिघे वार्न्सला पडलेले, चौथा त्यांच्याच घराण्यातला. त्यांच्या मागे संत जॉर्ज उभा आहे, हे आपले लोक आहेत अशी ओळख करून देत. खाली मजकूर आहे, त्यात नावं आहेत आणि त्यांच्या आत्म्यांसाठी याचना आहे. उत्तर नेदरलँड्समध्ये टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी हे एक. आज ते अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे.

चौघांचे चेहरे जवळजवळ सारखे आहेत. चित्रकाराला त्याचं काही वाटलं नसावं आणि घराण्यालाही. कोण कसा दिसत होता हे सांगण्यासाठी ती फळी रंगवलेलीच नव्हती. तिचं काम वेगळं होतं, आणि ते समजल्याशिवाय पुढच्या दीडशे वर्षांत नेदरलँड्समध्ये माणसांचे घोळकेच्या घोळके देवादिकांच्या चित्रांत का शिरले ते कळत नाही.

मध्ययुगीन ख्रिस्ती माणसाला नरकाची भीती होतीच, पण रोजची काळजी होती ती शुद्धिस्थळाची. फार पुण्य नाही आणि अक्षम्य पापही नाही, अशा सामान्य माणसाचा आत्मा मरणानंतर तिथे जाणार आणि उरल्यासुरल्या पापांचं प्रायश्चित्त घेऊन शुद्ध होणार. ही मुदत कमी करता येत असे. जिवंत माणसांनी मेलेल्यासाठी प्रार्थना केली, मिस्सा म्हणवल्या, दानधर्म केला, की त्याचा उपयोग मृताला होई. म्हणून श्रीमंत माणूस मरणाआधीच व्यवस्था लावून ठेवी. गेंटच्या योस फेइट आणि त्याची बायको एलिझाबेथ बोर्ल्युट यांनी यान व्हान आइककडून आपल्या चॅपेलसाठी ते जगप्रसिद्ध वेदीचित्र पूर्ण करून घेतलं १४३२ मध्ये. त्यानंतर तीनच वर्षांनी त्याच वेदीवर रोज एक मिस्सा व्हावी म्हणून रीतसर देणगी लावून दिली. कलेच्या इतिहासात या दांपत्याचं चित्रच काय ते सांगितलं जातं. त्यांच्या लेखी मिस्सेची देणगी आणि चित्र हे एकाच व्यवहाराचे दोन भाग असावेत. पाद्रीने वेदीशी उभं राहून मृतांची नावं घ्यायची, आणि ज्यांच्यासाठी ती घ्यायची ते समोर रंगात हजर असायचे.

पंधराव्या शतकात तैलरंगांची नवी करामत नेदरलँड्समध्ये बहरली आणि हे हजर असणं फारच खरं वाटू लागलं. सुरकुत्या, चामखीळ, दाढीचे खुंट, सगळं दिसू लागलं. दात्यांचा आकारही वाढला. पूर्वी संतांच्या पायाशी मुंगीएवढे असणारे यजमान आता संतांच्या खांद्याला खांदा लावून बसू लागले. ब्रुजचा महापौर राहिलेल्या विलेम मोरेलने १४८४ मध्ये हान्स मेमलिंगकडून जे तीन फळ्यांचं वेदीचित्र करवून घेतलं, त्याच्या एका कवाडावर तो पाच मुलग्यांसह आहे आणि दुसऱ्यावर बायको बार्बरा अकरा मुलींसह. मुलींची ती रांग बघताना हसू येतं, मागची डोकी कुठेतरी कोंबून बसवली आहेत. काही मुलं चित्र झाल्यावर वाढवली गेली. चित्र पूर्ण झालं तरी घराण्याची यादी पूर्ण झालेली नव्हती.

घराण्याचं ठीक. घराण्याला वारस असतात, ते आजोबांची आठवण ठेवतील अशी आशा धरता येते. पण ज्यांना मुलंबाळं नाहीत त्यांचं काय? ब्रह्मचारी साधू, इस्पितळातल्या सेविका, पाद्री, लष्करी संघाचे नाइट? त्यांच्यासाठी वारस म्हणजे त्यांची संस्था. मेमलिंगनेच ब्रुजच्या संत योहान इस्पितळाच्या वेदीसाठी १४७९ मध्ये चित्र पूर्ण केलं. त्याची कवाडं मिटली की बाहेर चार माणसं दिसतात: याकोब, अँथनी, अ‍ॅग्नेस आणि क्लारा. चौघंही इस्पितळाचेच सेवक-सेविका, आणि प्रत्येकाच्या मागे त्याच्या-तिच्याच नावाचा संत किंवा संतीण. रुग्णशुश्रूषेसाठी घर सोडलेल्या या चौघांचं घराणं म्हणजे ते इस्पितळ. चित्र आजही त्याच इमारतीत आहे, आणि हे भाग्य त्या काळच्या फार थोड्या चित्रांच्या वाट्याला आलं.

शहरांतल्या धार्मिक मंडळ्यांचंही तसंच. लूव्हेनच्या पवित्र साक्रामेंताच्या मंडळीने १४६४ मध्ये डिर्क बाउट्सशी करार केला. करार टिकून आहे आणि मोठा मजेदार आहे. चित्रकाराने हे काम संपेपर्यंत दुसरं काम घ्यायचं नाही, आणि विषय कसा मांडायचा ते विद्यापीठातले दोन धर्मशास्त्राचे प्राध्यापक सांगणार. मंडळीतर्फे चौघांनी व्यवहार केला. चित्रात येशू आणि बारा शिष्य शेवटच्या भोजनाला बसले आहेत, आणि भोवताली पंधराव्या शतकाच्या कपड्यांत चार माणसं आहेत. दोघं वाढपी म्हणून उभे, दोघं भिंतीतल्या झरोक्यातून डोकावणारे. ते मंडळीचे चौघे असावेत, असा तर्क फार जुना आहे. खरं असो वा नसो, एक पायरी इथे ओलांडली गेली. प्रार्थना करणारे चौघे बाजूच्या कवाडावर न राहता प्रसंगाच्या खोलीत आले. पण आले ते नोकर होऊन, दबकत.

पुढची पायरी हार्लेममध्ये ओलांडली गेली, आणि ती दबकत नव्हे.

हार्लेमच्या यान्सस्ट्राटवर संत योहानाच्या नाइटांचं ठाणं चौदाव्या शतकाच्या आरंभापासून होतं. जेरुसलेमच्या इस्पितळातून निघालेला हा संघ पुढे लढवय्या झाला, पवित्र भूमी गेल्यावर ऱ्होड्स बेटावर जाऊन बसला आणि तिथून तुर्कांशी झुंजत राहिला. हार्लेमचे सदस्य तलवार घेऊन कुठे गेले असतील असं नाही. त्यांचं आयुष्य उपासना, जमिनीचं उत्पन्न आणि पाहुणचार यांत जात होतं. त्यांच्याकडे एक तरुण चित्रकार राहायला होता. लेडनचा, नाव गेर्टगेन. त्याने संघाची शपथ घेतली नव्हती, पण घर त्यांचंच, म्हणून तो गेर्टगेन टोट सिंट यान्स या नावाने ओळखला गेला. त्याच्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते जवळजवळ सगळं एकाच माणसामुळे. चित्रकार-चरित्रकार कारेल व्हान मांडर १५८३ मध्ये हार्लेमला राहायला आला आणि १६०४ मध्ये त्याचा ग्रंथ छापला गेला. तो सांगतो की गेर्टगेन अठ्ठावीसच्या आसपास वारला. आणि ड्यूररने त्याची चित्रं पाहून, हा आईच्या पोटातूनच चित्रकार होऊन आला असावा, अशा अर्थाचं काही म्हटल्याचंही तोच सांगतो.

आता ऱ्होड्सकडे वळायला हवं, कारण चित्राची ठिणगी तिथून उडाली. १४८० मध्ये तुर्की फौजेने ऱ्होड्सला वेढा घातला आणि नाइटांनी तो परतवला. पुढच्याच वर्षी सुलतान दुसरा मेहमत वारला. त्याच्या दोन मुलांत गादीसाठी भांडण लागलं, बायझीद जिंकला आणि हरलेला भाऊ जेम १४८२ मध्ये पळून थेट ऱ्होड्सला, बापाच्या वैऱ्यांच्या दारात आला. नाइटांचा प्रमुख पिएर दोबुसोँ याला हा ओलीस सोन्याच्या मोलाचा वाटला, आणि तो तसा निघालाही. भावाला नजरकैदेत ठेवावं म्हणून बायझीद दरवर्षी हजारो डुकाट मोजू लागला. त्या देवघेवीतच १४८४ मध्ये त्याने नाइटांना एक भेट पाठवली: बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा उजवा हात. कॉन्स्टँटिनोपल पडल्यापासून हा अवशेष सुलतानाच्या खजिन्यात होता. ज्या संताच्या नावाने संघ चालतो, ज्या हाताने येशूला बाप्तिस्मा दिला, तोच हात. दोन सत्तांच्या भानगडीत एका संताचं हाड चलन म्हणून वापरलं गेलं, असं आज कुणी म्हणेल. नाइटांच्या लेखी तो देवाचा कौल होता.

ही बातमी संघाच्या ठाण्यांतून पसरली. हार्लेमच्या नाइटांच्या चर्चमध्ये मुख्य वेदीसाठी मोठं चित्र करायचं ठरलं, तेव्हा ते या घटनेनंतरच असणार असं बहुतेक अभ्यासक धरून चालतात. मधल्या फळीवर क्रूसावरचा येशू होता. उजव्या कवाडाच्या आतल्या अंगाला क्रूसावरून काढलेल्या येशूसाठीचा विलाप. आणि त्याच कवाडाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे कवाडं मिटलेली असताना एरवीच्या दिवशी जे दिसे तिथे, योहानाच्या हाडांची गोष्ट.

गोष्ट अशी. हेरोदाने योहानाचं शिर कापलं. शिष्यांनी धड पुरलं, आणि हेरोदियाने शिर वेगळ्या जागी पुरवलं, दोन्ही एकत्र आली तर हा पुन्हा उठेल या भीतीने. तीन शतकांनी रोमचा सम्राट जूलियन ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या दैवतांकडे वळला, आणि भाविकांची रीघ थांबेना म्हणून त्याने योहानाची हाडं उकरून जाळायला लावली. पण काही हाडं ख्रिस्ती लोकांनी वाचवली. पुढे तेराव्या शतकात त्यातले अवशेष पवित्र भूमीतल्या आक्र शहरात नाइटांच्या हाती आले, अशी संघाची श्रद्धा.

गेर्टगेनने हे सगळं एकाच निसर्गदृश्यात बसवलं. मागे टेकड्यांमध्ये धडाचं दफन चालू आहे. आणखी एका जागी शिर पुरलं जातंय. पुढे जूलियन आपल्या दरबाऱ्यांसह उभा आहे, चित्रविचित्र टोप्या, फरचे काठ, रंगीत झगे, आणि चेहरे असे की यातल्या एकालाही घरात घेऊ नये. नोकर हाडं आगीत टाकतायत. आणि मध्यभागी उघड्या शवपेटीपाशी, आगीच्या अगदी जवळ, काही माणसं शांतपणे हाडं उचलून घेतायत. अंगावर संघाचा वेश, त्यावर क्रूस. ती चौथ्या शतकातली माणसं नाहीत. ते हार्लेमच्या ठाण्यातले नाइट आहेत, गेर्टगेन ज्यांच्याबरोबर जेवत होता ते. त्याहून मागे पुन्हा नाइटच, अवशेषांचं स्वागत करायला निघालेल्या मिरवणुकीत.

त्यांचे चेहरे बघण्यासारखे आहेत. एकही दुसऱ्यासारखा नाही. कुणी जाड, कुणी हाडकुळा, कुणी गाल बसलेला. कुणाच्याही चेहऱ्यावर भय नाही, चमत्कार बघितल्याचं आश्चर्यही नाही. सम्राट पलीकडे उभा आहे आणि ते त्याच्याकडे बघतही नाहीत. एकमेकांकडेही फारसं नाही. हात जोडलेले नाहीत, गुडघे टेकलेले नाहीत, मागे ओळख करून देणारा संतही नाही. मोंटफोर्टच्या सरदारांना संत जॉर्जची शिफारस लागत होती. ब्रुजच्या सेवक-सेविकांना नावाच्या संतांची लागत होती. हार्लेमच्या नाइटांनी मध्यस्थ काढून टाकला. ते स्वतःच संताचा उद्धार करतायत, मग त्यांची शिफारस कुणी कशाला करायची?

धाडस लहान नाही. अकराशे वर्षांपूर्वीच्या प्रसंगात आपले चेहरे घालायचे आणि ज्या हाडांवर संघाची प्रतिष्ठा उभी आहे ती आम्हीच आगीतून काढली असं वेदीवर मांडायचं. ऱ्होड्सला आलेला हात कुणाचा, या प्रश्नाला हे चित्र म्हणजे रंगवलेला सातबारा आहे. मालक कोण, कधीपासून, कुणाकडून आलं, सगळं एका पानावर. हे गर्वाने झालं की भक्तीने, असं विचारणाऱ्याला त्या काळचा नाइट वेड्यात काढेल. संताचे अवशेष सांभाळणारा संघ संताला प्रिय असणार आणि त्याचे सदस्य शुद्धिस्थळातून लवकर सुटणार. स्मरणाची जुनी गरज कुठे गेलेली नाही. तिला फक्त कर्तृत्वाची जोड मिळाली.

पुढच्या पिढीत ही जोड आणखी घट्ट झाली. चित्रकार यान व्हान स्कोरेल १५२० मध्ये जेरुसलेमची यात्रा करून आला. जेरुसलेमला जाऊन आलेल्यांच्या मंडळ्या उट्रेख्ट आणि हार्लेममध्ये होत्या. झावळ्यांच्या रविवारी हे लोक हातात झावळ्या घेऊन मिरवणुकीत चालत. स्कोरेलने १५२५ च्या सुमारास उट्रेख्टच्या आणि १५२८ च्या सुमारास हार्लेमच्या यात्रेकरूंना लांब आडव्या फळीवर रंगवलं. कंबरेपर्यंतची माणसं, एकामागे एक, प्रत्येकाच्या हातात झावळी, खाली चिठ्ठ्यांवर नाव आणि यात्रेची माहिती. चित्रकार स्वतःही दोन्ही चित्रांत आहे. हार्लेमच्या चित्रात डावीकडे येशूच्या कबरीवरच्या वास्तूचं चित्र दाखवलंय. बस्स, धर्माचा विषय एवढाच उरला. मरिया नाही, संत नाहीत, आग नाही. यात्रा केलेली माणसं आणि केलेली यात्रा. झावळ्या काढून टाकल्या तर ती एखाद्या व्यापारी मंडळाची बैठक वाटेल.

आणि तसंच झालं. १५२९ मध्ये डिर्क याकोब्सने अ‍ॅमस्टरडॅमच्या बंदूकधारी नागरी रक्षकांच्या सतरा जणांना ओळींत रंगवलं. १५३३ मध्ये कॉर्नेलिस अँथोनिसने धनुर्धारी रक्षकांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवलं. नागरी रक्षकांचे हे संघ संत जॉर्ज, संत सेबास्टियन अशांच्या नावाने चालत आणि चर्चमध्ये त्यांच्या वेद्या असत. पण चित्रं वेदीवर गेली नाहीत, त्यांच्या सभागृहांत गेली.

मग वेद्याच राहिल्या नाहीत. १५६६ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्सभर मूर्ती आणि चित्रं फोडण्याची लाट उसळली. डिसेंबर १५७२ पासून जुलै १५७३ पर्यंत हार्लेमला स्पॅनिश फौजेचा वेढा पडला. शहर उपासमारीने शरण आलं आणि बचाव करणाऱ्या सैनिकांची कत्तल झाली. पुढे शहर प्रोटेस्टंटांच्या हाती गेलं आणि मे १५७८ मध्ये मुख्य चर्चवर सैनिकांनी हल्ला केला. या धामधुमीत गेर्टगेनच्या वेदीचित्राची मधली फळी आणि एक कवाड गेलं. व्हान मांडरला उरलेलं कवाड नाइटांच्या वाड्यात पाहायला मिळालं, करवतीने दोन भागांत चिरलेलं, म्हणजे आतला विलाप आणि बाहेरची हाडांची गोष्ट वेगवेगळी टांगता यावी. नव्या राजवटीने नाइटांना ताबडतोब हाकललं नाही, म्हातारे होत होत ते संपले. १६२५ पर्यंत संघाची मालमत्ता शहराकडे गेली. दहा वर्षांनी डच संसदेला इंग्लंडच्या चार्ल्स राजाला खूश करायचं होतं, तेव्हा भेटीत ही दोन चित्रंही गेली. चार्ल्सचं डोकं १६४९ मध्ये उडवलं गेलं, त्याचा संग्रह विकायला निघाला आणि ब्रुसेल्समध्ये कारभार पाहणाऱ्या आर्चड्यूक लिओपोल्ड विल्हेल्मने ती घेतली. त्याच्याबरोबर ती व्हिएन्नाला पोचली.

व्हिएन्नात ती आलोइस रीगल या कला-इतिहासकाराच्या नजरेला पडली. १९०२ मध्ये त्याने डच समूहचित्रांवर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला आणि आरंभ केला तो गेर्टगेनच्या नाइटांपासून. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की इटालियन चित्रात एक जण हुकूम देतो आणि बाकीचे ऐकतात, पण इथे प्रत्येक जण स्वतःच्या अवधानात मग्न आहे, सगळे बरोबरीचे आहेत, आणि त्यांना एकत्र बांधतो तो पाहणारा. इथून सरळ रेघ रेम्ब्रांटच्या १६४२ च्या ‘नाइट वॉच’पर्यंत जाते. नजर विलक्षण, यात वाद नाही. पण रेघ मला पुरती पटत नाही. हार्लेमच्या वेदीवरचं चित्र अ‍ॅमस्टरडॅमच्या बंदूकधाऱ्यांपर्यंत कसं पोचलं, याचं उत्तर चित्रांत सापडत नाही. ते चित्रं करवून घेणाऱ्यांत सापडतं. मंडळी, संघ, रक्षकांच्या टोळ्या यांना वारसांच्या ऐवजी संस्था होती, आणि संस्थेला आपली माणसं आठवणीत ठेवायची सवय लागलेली होती. शुद्धिस्थळावरचा विश्वास प्रोटेस्टंट हॉलंडमधून हद्दपार झाला, तरी सवय तशीच राहिली.

‘नाइट वॉच’मधल्या रक्षकांनी माणशी साधारण शंभर गिल्डर दिले, अशी साक्ष दोघांनी पुढे दिलेली आहे. काही वर्षांनी त्या चित्रात एक ढाल रंगवून त्यावर अठरा नावं लिहिली गेली. मोंटफोर्टच्या फळीवर नावांखाली आत्म्यासाठी याचना होती. ढालीवर फक्त नावं आहेत. अडीचशे वर्षांत बदललं ते एवढंच, आणि ते थोडं नाही.

गेर्टगेनची दोन्ही चित्रं आज व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहेत. तिथे जाणारे ब्रॉयगेलसाठी जातात, आणि जावंच. पण हाडांचं चित्र वगळू नये. आणि त्यापुढे उभं राहिल्यावर सम्राटाच्या झगमगाटात फार वेळ घालवू नये, शवपेटीपाशी उभ्या असलेल्यांकडे बघावं.